बंधारे मोजले, मासे कोण मोजणार?

ओढ्यावरच्या बंधाऱ्याची पाहणी पाण्याइतकीच माशांसाठीही झाली पाहिजे, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. जलयुक्त शिवार योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही किती पाणी अडले, एवढाच हिशेब मांडला जातो.

शहापूरजवळच्या आटगाव परिसरात पहिल्या मोठ्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून उलटे चढतात; अंडी घालायला त्यांना वरचे उथळ पाणी, भातखाचरे गाठायची असतात. वाटेत सिमेंटची उभी भिंत आली की गाभोळीने भरलेले मासे तिच्या पायथ्याशी धडका देत राहतात आणि तिथेच पागेराने, काठीने मारले जातात. पुढच्या वर्षीचे बी एका रात्रीत संपते. कातकरी-ठाकरांच्या ताटातले हे नुकसान कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. समुद्राला जून-जुलैत मासेमारीबंदी तरी असते. ओढ्याला वाली नाही. सिमेंटच्या भिंतीच्या मानाने गोणींच्या वनराई बंधाऱ्याचा दोष कमी, तो पहिल्या पुरात निघून जातो.

शहापूर-मुरबाडमधील सिमेंट बंधाऱ्यांची पाहणी जलसंधारण आणि मत्स्यव्यवसाय विभागांनी वलगण चालू असतानाच एकत्र करावी. मासे अडतात तिथे दगडांचा उतार करून द्यावा. तोवर नव्या भिंतींना निधी देऊ नये.