मोडलेला पाय, मागाहूनचा न्याय आणि गंमत नावाचे अभय

फुटबॉलच्या प्रेक्षागारात जे बोलले जाते ते मनावर घ्यायचे नसते, असे आम्हांला वारंवार ऐकवले जाते. ती निव्वळ थट्टा असते, खेळाचे मीठ असते, आणि ज्याला ती सोसत नाही त्याने घरी बसावे. हेच सद्गृहस्थ आपल्या संघातल्या कुणाचा पाय मोडला की दुसऱ्या दिवशी चित्रफीत घेऊन उभे राहतात. पंचांनी पाहिले नाही म्हणून काय झाले? आता पाहा, आणि त्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसवा! शब्दाला कसलाच हिशेब नाही आणि पायाचा हिशेब मात्र सामना संपल्यावरही चुकता करायचा, ही वाटणी आम्हांला मान्य नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी या वादात पडावे असे आम्हांला वाटते, कारण हेतू, कृती आणि परिणाम यांची जी गल्लत येथे होते ती आपल्या वर्गांतही रोज होत असते.

आधी जवळचे उदाहरण घेऊ. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या मैदानावर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याचा डेंपो संघ मोहन बागानविरुद्ध खेळत होता. डेंपोच्या ख्रिस्तियानो ज्युनिअर या ब्राझिलियन खेळाडूने दोन गोल केले. दुसरा गोल करताना त्याची आणि गोलरक्षक सुब्रत पाल यांची टक्कर झाली, तो कोसळला, आणि पुन्हा उठला नाही. डेंपोने सामना जिंकला. पुढे राष्ट्रीय महासंघाने पाल यांना दोन महिने खेळण्यास मनाई केली. हे दोन महिने कशाचे होते? मृत्यूचे म्हणावेत तर ते हास्यास्पद रीतीने थोडे आहेत. टकरीचे म्हणावेत तर तसल्या टकरी दर आठवड्याला होतात आणि बहुतेकींची कुणी नोंदही घेत नाही. मैदानावर तातडीच्या उपचारांची व्यवस्था कशी होती, हा तेव्हा उठलेला प्रश्न तर त्या दोन महिन्यांत मावतच नव्हता. पाल पुढे अनेक वर्षे भारताचे गोलरक्षक राहिले. शिक्षेने कुणाला काय शिकवले, हे आजही सांगता येत नाही. लोकांच्या हळहळीला एक पावती मिळाली, एवढेच झाले.

परिणामावरून अपराध मोजण्याची ही खोड सार्वत्रिक आहे. २३ फेब्रुवारी २००८ रोजी बर्मिंगहॅमच्या मार्टिन टेलरच्या टॅकलने आर्सेनलच्या एदुआर्दोचा पाय मोडला. टेलरला लाल कार्ड आणि तीन सामन्यांची बंदी मिळाली. आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर संतापाच्या भरात म्हणाले की या माणसाला पुन्हा खेळू देऊ नये, आणि नंतर त्यांनीच ते शब्द मागे घेतले. संताप समजण्याजोगा आहे. पण हाड शाबूत राहिले असते तर तोच पाय, तोच वेग, तीच उशिराची झेप कुणाला आठवली असती? एखाद्या कादंबरीवर बंदी आली म्हणून ती थोर ठरवणारा समीक्षक आणि हाड मोडले म्हणून टॅकल घातक ठरवणारा समर्थक हे एकाच शाळेत शिकलेले आहेत. घातकपणा झेपेत असतो. हाड मोडणे हा त्याचा एक संभाव्य शेवट.

दुसरी खोड हेतू शोधण्याची. मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनने एप्रिल २००१ मध्ये आल्फ-इंगे हालांडच्या गुडघ्यावर जो घाव घातला, त्याबद्दल त्याला लाल कार्ड मिळाले आणि तीन सामन्यांची बंदीही झाली. प्रकरण तेथे संपले होते. २००२ साली त्याचे आत्मचरित्र आले. त्या टॅकलमागे जुना राग होता असे त्यातून दिसले, आणि इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याला आणखी पाच सामने व दीड लाख पौंडांचा दंड केला. येथे साहित्याच्या शिक्षकांनी थांबून विचार करावा. पुस्तकाचे शब्दांकन ईमन डन्फी या पत्रकाराने केले होते, आणि त्या मजकुराची मांडणी आपली असल्याचे त्याने सांगितले होते. म्हणजे गुडघ्याला झालेल्या इजेपेक्षा छापील परिच्छेदाची शिक्षा मोठी ठरली, आणि त्या परिच्छेदाचा कर्ता नेमका कोण हेही वादात होते. कीनने मौन पाळले असते तर तो तीन सामन्यांवर सुटला असता. कबुलीला दंड आणि गप्प राहण्याला बक्षीस देणारा न्याय माणसाला खरे बोलायला कधीच शिकवणार नाही.

तिसरी खोड कार्यालयीन आहे. पंचांनी पाहिले असेल तर प्रकरण बंद, आणि निसटले असेल तरच चौकशी! २०१४ च्या विश्वचषकात लुइस सुआरेझने प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याला दात लावले. पंचांच्या नजरेतून ते सुटले, म्हणून फिफाने त्याला नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने फुटबॉलबंदी सुनावली. त्याच स्पर्धेत कोलंबियाच्या सुनिगाचा गुडघा नेमारच्या पाठीत बसला आणि मणक्याचे हाड मोडले. मैदानात पिवळे कार्डही निघाले नव्हते, आणि मागाहूनच्या कारवाईच्या अटी पुऱ्या होत नाहीत म्हणून पुढेही काही झाले नाही. चाव्याला चार महिने, मणक्याला शून्य. पंचाची अप्रतिष्ठा होऊ नये यासाठी खेळाडूचा मणका खर्ची घालणे ही कसली शिस्त?

मग माग काढायचा तरी कसा? त्याचा धडा आमच्या झाडीपट्टीत आहे. नागझिरा हे १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगावसह व्याघ्र प्रकल्प झाले. व्यंकटेश माडगूळकरांनी त्या रानावर पुस्तक लिहिले तेही तेथे मुक्काम करून, पाहत बसून. मेलेल्या सांबराजवळ पोहोचलेला जाणता माणूस गळ्यावरच्या खुणा, फरपटीची रेघ, मातीतले ठसे वाचतो. जनावर दुष्ट होते का, हा प्रश्न त्याला पडत नाही. माणसाचा बळी गेला तरी, अवचित गाठ पडून झालेला मृत्यू आणि माणसाच्या मागावर राहून झालेला मृत्यू यांत फरक करावा, अशीच वन्यजीव व्यवस्थापनाची अपेक्षा असते. गावाचा आक्रोश खरा असतो, त्याला मान द्यावाच लागतो. तरी वाघाला नरभक्षक ठरवताना खुणाच वाचाव्या लागतात. वाघाच्या बाबतीत जो विवेक आपण कागदावर का होईना मान्य केला, तो खेळाडूच्या वाट्याला का येऊ नये?

आता प्रेक्षागाराकडे वळू. फेब्रुवारी २०१० मध्ये स्टोकच्या रायन शॉक्रॉसच्या टॅकलने एरन रॅम्सीचा पाय मोडला. शॉक्रॉस रडत मैदानाबाहेर गेला. पुढच्या काही वर्षांत स्टोकच्या समर्थकांनी काय करावे? रॅम्सीची हुर्यो उडवावी आणि तो लंगडतो असे गाणे म्हणावे! ज्याच्या पायाने हाड मोडले तो रडला आणि ज्यांनी तिकीट काढून पाहिले ते गायले. यालाच गंमत म्हणतात.

आमच्याकडे असे नाही, असे म्हणण्याची सोय नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात तेव्हा शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची ईर्षा उतू जाते. त्या ईर्ष्येनेच तेथला फुटबॉल संस्थानकाळापासून जगवला, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. पण ईर्षा आणि हुल्लडबाजी यांतली रेघ तेथे वारंवार पुसली गेली आहे, आणि ती पुसण्याची सुरुवात दगडाने क्वचित होते. ती बहुधा शब्दाने होते.

येथे आम्हांला परंपरेचा दाखला दिला जाईल. शिमग्यात शिव्या नाहीत का? तमाशातल्या सवाल-जवाबात एकमेकांची अब्रू काढत नाहीत का? काढतात, आणि म्हणूनच तो दाखला आमच्या बाजूचा आहे. शिमग्याला तिथी आहे, दुसऱ्या दिवशी तोंड धुवावे लागते. सवाल-जवाबात सवालाइतकाच जबाबाला हक्क आहे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला सवाल टाकण्यात कसली फुशारकी? स्ट्रेचरवर झोपलेल्या माणसाला जबाबाची पाळी मिळत नाही. आपल्या लोकपरंपरेने थट्टेला मोकळीक दिली ती बरोबरीच्या अटीवर. ती अट गाळून मोकळीक तेवढी घेणे म्हणजे परंपरेची चोरी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मागाहून शिक्षा जरूर व्हावी, पण ती झेपेची व्हावी: हाड मोडले की नाही, खेळाडू रडला की नाही, पंचांनी पाहिले की नाही, त्याने पुढे पुस्तक लिहिले की नाही, यांपैकी कशावरही ती अवलंबून नसावी. ठरलेल्या मुदतीत सामन्यातली प्रत्येक घातक झेप तपासावी, ज्या झेपेने कुणालाच इजा झाली नाही तीही. आणि जखमी खेळाडूची टवाळी करणाऱ्या समर्थकांबद्दल त्यांच्या संघाला जबाब विचारावा.

यावर विनोदाची गळचेपी होते अशी ओरड होईल. होऊ द्या. ज्या भाषेने आयुष्यभर विनोद केला तिच्या वाचकांना विनोद ओळखता येतो. कायद्याने हसण्यावर पहारा बसवा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की दुसऱ्याच्या मोडलेल्या पायावर गाणे रचणाऱ्याला आपण विनोदी म्हणणे थांबवावे. मैदानातला घातक पाय हवेत उठतो तेव्हा त्याला टाळ्या वाजवणारे हजारो हात आधीच वर गेलेले असतात. त्या हातांना निरपराध ठरवून एकट्या पायाला बाहेर बसवणारा न्याय कितीही उशिरा आला तरी अपुराच राहील.