निषेध नव्हे, त्याग!



चांदूर बाजारच्या एखाद्या धम्मबांधवाने आपल्या मुलाचे नाव शाळेत घातले आणि दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ असे लिहून आले, असे समजा. बाप संतापतो. इंग्रजीत अर्ज दिला म्हणजे साहेबावर वजन पडते, या समजुतीने तो कोणाकडून तरी अर्ज लिहवून घेतो. लिहिणारा ठोकून देतो, ‘आय प्रोटेस्ट!’ अर्ज फायलीत पडतो, बापाचा राग शमतो आणि रकाना मात्र आहे तसाच राहतो. दोष लिहून घेणाऱ्या कारकुनाचा आहेच. परंतु चुकीच्या शब्दाचाही आहे.

विरोध दर्शविणारे इंग्रजी शब्द आम्हांस एकाच माळेचे मणी वाटतात. ते तसे नाहीत. बोलणारा कोठे उभा आहे, हे त्यांतील प्रत्येक शब्द सांगतो. ‘डिसेंट’ म्हणजे सभासदाने सभेत बसून नोंदविलेले भिन्न मत. घर एकच, मत निराळे. ‘ऑब्जेक्शन’ म्हणजे हरकत. अमुक नोंद अमुक कारणाने चुकीची आहे, ती दुरुस्त करा, अशी मागणी. ‘प्रोटेस्ट’ म्हणजे निषेध. अन्यायाविरुद्ध जगाला ऐकू जाईल अशी आरोळी. आणि ‘रिनाउन्स’ म्हणजे त्याग. जुन्या घराचा उंबरठा कायमचा ओलांडणे.

परमपूज्य बाबासाहेबांनी या चारही मार्गांचा अवलंब केला, पण ज्याच्या त्याच्या जागी. सायमन कमिशनच्या साहाय्यासाठी नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीचे ते सभासद होते. बहुमताच्या अहवालावर सही न करता १९२९ च्या मे महिन्यात त्यांनी स्वतंत्र अहवाल सादर केला. हा डिसेंट होय. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. हा प्रोटेस्ट होय. त्याच महाडच्या चवदार तळ्याचा दावा न्यायालयात गेला, तेव्हा तेथे आरोळी कामाची नव्हती. तेथे प्रतिपक्षाच्या म्हणण्यास पुराव्यानिशी हरकत घेतली गेली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

मग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास काय झाले? तो डिसेंट होता काय? तो प्रोटेस्ट होता काय? मुळीच नाही! बावीस प्रतिज्ञांतील एकोणिसावी प्रतिज्ञा आठवा. तीत त्याग आहे आणि स्वीकारही आहे. ज्या वऱ्हाडात १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून आम्ही मागणी करीत होतो, त्याच वऱ्हाडात १९५६ नंतर आम्ही ते दार ठोठावणेच सोडून दिले.

आमच्या धर्मांतराला ‘निषेध’ म्हणणाऱ्यांचा डाव ओळखा. निषेधाचे कारण संपले की निषेधही संपतो. म्हणजे राग ओसरला की परत या, असे त्यांना सुचवावयाचे असते. दुसरे आम्हांस हिंदूंतीलच एक भिन्नमतवादी पंथ ठरवितात आणि संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाकडे बोट दाखवितात. तेथील स्पष्टीकरण हे सामाजिक सुधारणा व मंदिरे खुली करणे यांविषयीच्या एका उपखंडापुरते आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही बौद्धांचा उल्लेख हिंदूंहून वेगळ्या खंडात, बौद्ध म्हणूनच केलेला आहे. आम्ही हिंदूच असतो, तर आमचे नाव निराळे घेण्याचे प्रयोजन काय?

बौद्ध लिहिले तर मुलाची सवलत जाईल, ही भीती कित्येकांच्या मनात अद्याप आहे. एके काळी तिला आधार होता. परंतु १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन तेथे हिंदू व शीख यांच्या जोडीला बौद्ध धर्माचे नाव आले. तेव्हा भीतीपोटी खोटे लिहू नका.

त्या बापाने अर्जात एवढेच लिहावे: ‘या नोंदीस माझी हरकत आहे. आमचा धर्म बौद्ध आहे. नोंद दुरुस्त करावी व लेखी उत्तर द्यावे.’ पुरावा जोडावा, तारखेसह पोच घ्यावी. दाद लागली नाही, तर वरिष्ठांकडे जावे. आणि तेथेही कान बंद असतील, तर मग रस्त्यावर येऊन खुशाल निषेध करावा!

निषेध अन्यायाचा करावयाचा असतो. धम्म हा निषेध नव्हे. ते आमचे घर आहे.

जय भीम!