ट्रॅक्टरची सवय लॅपटॉपला नको



ऊसतोड, पाणीपाळी, उसाचे बिल हे आपले नेहमीचे विषय. आज थोडा वेगळा विषय घेत आहोत, पण तो आपल्या घरातलाच आहे. उसाच्या बिलातून पोरापोरींना लॅपटॉप घेऊन देणारी घरे आता प्रत्येक गटात सापडतील. कुणाची मुलगी संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, कुणाचा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला सव्वीसशे-सत्तावीसशे रुपये हाती पडले असे धरले, तर चाळीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे पंधरा टन ऊस झाला. एवढ्या मोलाची वस्तू दीड-दोन वर्षांत बॅटरीपायी अंथरुणाला खिळावी, ही गोष्ट आम्हांस सोसवत नाही. आणि आमचे स्पष्ट मत असे की, यात पुष्कळदा दोष मालाचा नसून आपल्या सवयीचा असतो.

आधी आमच्याच घरचे सांगतो. पुतणीचा लॅपटॉप पत्र्याच्या खोलीत, गादीवर, रात्रंदिवस चार्जिंगला लावलेला असे. तिने वायर काढली की थोरले म्हणायचे, "काढू नको गं, बॅटरी उतरली की मरते." दीड वर्षात बॅटरी अर्ध्या तासावर आली. पुढे एप्रिलात बोटाने बाण फिरवायची पट्टी वर उचलली गेली, कारण खाली बॅटरी फुगली होती. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा! आम्ही दुकानदाराशी भांडून आलो. मागाहून जाणकाराला विचारले तेव्हा कळले की चूक आमचीच होती.

थोरल्यांचे म्हणणे खोटे नव्हते, पण ते ट्रॅक्टरच्या बॅटरीचे होते. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी शिसे आणि आम्लाची असते. ती उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे थर कडक होतात आणि बॅटरी कामातून जाते. म्हणून ती भरलेली ठेवावी, हे बरोबरच. दुसरी एक जुनी समजूत अशी की बॅटरी पूर्ण उतरवूनच पुन्हा चार्ज करावी. ती निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांच्या काळातली आहे. लॅपटॉप आणि मोबाईलमधली बॅटरी मात्र लिथियमची. ही बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. ती घडविणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जात वेगळी, तेव्हा तिची निगाही वेगळीच करावी लागते.

या बॅटरीला दोन गोष्टी बाधतात. एक म्हणजे उष्णता, आणि दुसरी म्हणजे काठोकाठ भरून तसेच राहणे. पूर्ण भरलेल्या स्थितीत आतला दाब, म्हणजे व्होल्टेज, सर्वात जास्त असतो. त्या दाबाखाली आतली रसायने हळूहळू झिजतात, आणि उष्णता मिळाली की ती झीज भराभर होते. जाणकारांचा ढोबळ हिशोब असा : पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंश तापमानात वर्षभर पडून राहिली तर तिची सुमारे ३५ टक्के ताकद कायमची जाते. तीच ४० टक्के भरून ठेवली तर सुमारे १५ टक्केच जाते. आणि २५ अंशांत, ४० टक्क्यांवर ठेवली तर अवघी ४ टक्के. आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा. पैठण, गंगापूर, वैजापूरकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखाली तर विचारूच नका. तोडलेला ऊस उन्हात फडावर पडून राहिला की वजन घटते, साखर उतरते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. बॅटरीचेही तसेच आहे, एवढे लक्षात घ्या.

तेव्हा रोजची राहणी कशी असावी? शक्यतो वीस-पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरू देऊ नये आणि ऐंशीच्या आसपास चार्जिंग थांबवावे. अधूनमधून थोडे थोडे चार्ज केल्याने काही बिघडत नाही. आज पन्नास टक्के आणि उद्या पन्नास टक्के भरले, तर दोन मिळून एकच फेरा धरला जातो. साधारण बॅटरीची ताकद असे ३०० ते ५०० फेरे झाले की ऐंशी टक्क्यांवर येते. काही नव्या बॅटऱ्या हजार फेऱ्यांपर्यंतही टिकतात.

दिवसभर टेबलावर वायर लावूनच काम असेल, तर लॅपटॉपलाच मर्यादा घालून द्यावी. बऱ्याच कंपन्यांनी तशी सोय दिलेली आहे. आसुसमध्ये ८० ची मर्यादा आपण लावू शकतो, लेनोव्होमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड आहे. घरातल्या पोराला सांगा, पाच मिनिटांत लावून देईल.

गादीवर, रजईवर ठेवून चार्जिंग करू नये, त्याने हवा कोंडते. फळीवर किंवा टेबलावर ठेवावे. उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये तर मुळीच ठेवू नये. सुटीत महिनाभर वापरायचा नसेल, तर निम्मा भरून, बंद करून थंड जागी ठेवावा. चार्जर घेताना भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन यंत्राचा जीव घेऊ नये. आणि बॅटरी फुगली तर वापर ताबडतोब थांबवावा. दाबू नये, टोचू नये, पेट घेते.

कुणी म्हणेल, "अहो, आमच्याकडे वीजच पाळीपाळीने येते, ऐंशीवर थांबलो तर रात्री पोराने अभ्यास कसा करायचा?" हा प्रश्न रास्त आहे. आमचे सांगणे असे की ऐंशीचा नियम रोजचा आहे, अडीनडीचा नव्हे. उद्या परीक्षा आहे, लांबचा प्रवास आहे, लाईन जाणार आहे, तर खुशाल शंभर भरा आणि वापरा. एका दिवसाने काही होत नाही. भरून तसेच महिनोन् महिने ठेवल्याने होते. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही. अभ्यास बुडवून बॅटरी जपण्यात शहाणपण नाही.

हा विषय पुढे वाढतच जाणार आहे. विजेच्या स्कूटरचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, बिडकीनला काढण्याचे एथर कंपनीने २०२४ साली जाहीर केले. उद्या दारात अशी गाडी उभी राहील, तिच्यातही लिथियमच असेल. बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे टक्क्यांचे नियम थोडे बदलतील, पण उन्हाशी वैर कायम राहील.

म्हणून संचालक मंडळाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली, पुढच्या वार्षिक सभेच्या दिवशी मंडपात एक टेबल मांडून जाणकार मुलांकडून सभासदांचे लॅपटॉप-मोबाईल तपासून द्यावेत, मर्यादा लावून द्यावी. दुसरी, प्रत्येक गट ऑफिसात बाद बॅटऱ्या सुरक्षितपणे गोळा करण्याची सोय करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मग त्या आपल्या उकिरड्यावर आणि तिथून शेतात का जाव्यात? दोन्ही कामांना खर्च फारसा नाही, लागते ती इच्छा.

बैलाला काय मानवते आणि ट्रॅक्टरला काय, हे आपण शिकलो. हेही शिकू. आज घरी गेल्यावर एवढेच पाहा, पोराचा लॅपटॉप कुठे ठेवला आहे, आणि हात लावून पाहा, तो किती तापला आहे.