मूळ संख्येला मराठीतच राहू द्या

आमच्या येळ्ळूरने मराठीसाठी काय सोसलं, हे सीमाभागात कुणाला सांगायला नको. २०१४ साली ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक काढला, तेव्हाच्या लाठ्या लोक विसरलेले नाहीत. पण याच गावातली मुलं दहावीपर्यंत ‘मूळ संख्या’ म्हणतात आणि पीयूसीला गेली की तिची ‘प्राईम नंबर’ होते. ती परत मराठीत येत नाही, आणि त्यासाठी कुणी मोर्चाही काढत नाही. माझं मत स्पष्ट आहे: गणित मराठीत बोलतं ठेवणं हेही आपल्या साहित्य मंडळाचं काम आहे.

‘मराठीत जमणार नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या जाहीर झाली. अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट यांनी ती शोधली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक, असं न झोपता वाचत बसलात तर सुमारे ४७५ दिवस लागतील!

अशा संख्यांना मर्सेन यांचं नाव आहे. ते सतराव्या शतकातले फ्रेंच कॅथलिक संन्यासी. त्यांच्या संख्यांचा नियम असा, की मूळ संख्या मिळायला घातांकही मूळ हवा. पण तेवढ्यानं भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २०४७ येतात, म्हणजे २३ गुणिले ८९.

त्या राक्षसी संख्येचा शेवटचा अंक तर आपण कला शाखेवालेही काढू शकतो. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. घातांकाला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून शेवटी २. त्यातून १ गेला, उरला १. झालं!

आणि ही वाट आपल्याकडे नवी नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) संख्यांशी आयुष्यभर खेळले. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१, अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं, डोंबिवली स्टेशनवरून. आपल्या लोकलचं स्टेशन जगाच्या गणितात जाऊन बसलं.

येळ्ळूरला दरवर्षी साहित्य संमेलन भरतं. कविसंमेलन, कथाकथन जरूर व्हावं. त्यातला एक तास गणिताला द्या, आणि फळ्यावर मराठीतून मांडायला पीयूसीच्याच मुलामुलींना बोलवा. फलक कुणीही काढून नेऊ शकतो. पण ‘घातांक’, ‘बाकी’, ‘मूळ संख्या’ हे शब्द आपणच वापरायचे सोडले, तर तक्रार कुणाकडे करणार?