दारावरचा तिसरा डोळा

स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम लांबली आणि घरी पोहोचायला मला रात्रीचे साडेदहा वाजले. दोन वर्गमित्र जिन्यापर्यंत सोडायला आले होते. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू आईला म्हणाल्या, "काल लेकीला उशीर झाला वाटतं, वहिनी? आणि ती मुलं कोण हो?" काकू तर नऊलाच झोपतात! मग उलगडा झाला. त्यांच्या दारावर नवी घंटा बसली होती. तिला डोळा आहे, कान आहे, आणि पाहिलेले-ऐकलेले सारे ती मोबाइलवर हजर करते. आईला माझा उशीर ठाऊक होता, त्या मुलांची नावेही ठाऊक होती. तरीही तिचा चेहरा पडला.

काकूंना मी दोष देत नाही. त्या दिवसभर एकट्या असतात. दार उघडण्यापूर्वी बाहेर कोण आहे हे कळले, तर कुणालाही धीर येईल. परंतु समोरासमोर दारे असलेल्या आपल्या इमारतींत त्यांच्या दारावरचा डोळा आमच्या दाराकडेच रोखलेला असतो, त्याचे काय?

कोणी म्हणेल, चाळीत तर दारे सताड उघडी असत; तेव्हा कुठे होते तुमचे खासगीपण? प्रश्न रास्त आहे. परंतु चाळीतला डोळा माणसाचा होता. तो पाहत असे, तसा पाहिलाही जात असे. तो टोमणा मारी, तसा अडीअडचणीला धावूनही येई. आणि मुख्य म्हणजे, तो विसरत असे! यंत्र विसरत नाही. शिवाय त्याने टिपलेले चित्र कुठे साठते आणि कोण पाहते, हे खुद्द काकूंनाही ठाऊक नाही.

ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत 'रिंग' नावाची अशी घंटा घरोघर पोहोचली. २०१८ साली 'अ‍ॅमेझॉन'ने ती कंपनी विकत घेतली. २०२२ च्या पहिल्या सहामाहीतच मालकाच्या संमतीवाचून ११ वेळा पोलिसांना चित्रण दिल्याचे 'अ‍ॅमेझॉन'ने त्याच वर्षीच्या जुलैत सिनेटर एड मार्की यांना कळविले. २०२३ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला, की कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने स्त्री-ग्राहकांच्या घरांतील हजारो चित्रफिती चोरून पाहिल्या. ५८ लाख डॉलर भरून कंपनीने ते प्रकरण मिटविले. राखणदारावर राखण कुणी ठेवायची?

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयाने २०२१ साली एका शेजाऱ्याच्या अशाच कॅमेऱ्यांबाबत निकाल दिला. चित्रापेक्षाही दूरवरचे बोलणे टिपणे अधिक आक्षेपार्ह, असे न्यायाधीशांनी म्हटले. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या घरगुती वापराला वगळले आहे. म्हणजे दोन दारांमधल्या चार फुटांचा प्रश्न शेवटी दोन शेजाऱ्यांनीच सोडवायचा आहे!

म्हणून मीच काकूंकडे गेले. त्या हसून म्हणाल्या, "अगं, तुला लपवायचं काय आहे?" मी म्हटले, "काही नाही, काकू. पण लपवायचं नाही म्हणून दाराला कडीच लावत नाही, असं घर तुम्ही पाहिलंय का?" त्या क्षणभर गप्प झाल्या. संध्याकाळी भाच्याला बोलावून त्यांनी कॅमेरा तिरका करून घेतला. आता त्यात त्यांचा उंबरठा आणि पायपुसणे तेवढे दिसते. आवाजही बंद केला.

मित्रहो, कॅमेरा लावूच नये असे मला म्हणावयाचे नाही. लावण्यापूर्वी समोरचे दार ठोठवावे, आपल्या उंबऱ्यापुरतेच पाहावे, आणि दुसऱ्याचे येणे-जाणे सोसायटीच्या ग्रुपवर मांडू नये, एवढेच मागणे आहे. चोर वर्षाकाठी एखादा येईल किंवा येणारही नाही. शेजारी मात्र रोज येतो-जातो. चोराच्या भीतीने त्यालाच संशयित ठरविले, तर घर सुरक्षित राहील. शेजार उरणार नाही.