बारबालांचं शिक्षण

मागच्या महिन्यात चंदगडात आमच्या मोहल्ल्यातल्या बचत गटासाठी दोन दिवसांचं विक्रीचं प्रशिक्षण ठेवलं होतं. दुसरा दिवस झालाच नाही. पहिल्या दिवशी मगरिबनंतर एक जिम्मेदार गृहस्थ घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "आपा, गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देऊन बोला, हसून बोला, त्याचं नाव लक्षात ठेवा, हे काय शिकवताय आपल्या आया-बहिणींना? हे तर बारबालांचं शिक्षण झालं."

मी गप्प बसले. बीएड केलंय, वर्गात पन्नास पोरं एका नजरेत गप्प करते, पण घरी आलेल्या बुजुर्गांपुढे तोंड उघडलं नाही. ते आता उघडते.

आधी आमच्या बायका विकतात काय ते सांगते. काजू. मार्च ते मे बी येते, फोडायची, भाजायची, सोलायची, आणि मजुरी किलोवर. बोटांना चिकाचे डाग पडतात ते पाऊस पडेपर्यंत जात नाहीत. गेल्या वर्षी गटानं स्वतः बी घेऊन माल तयार केला. बेळगावचा व्यापारी आला, पाकळी बघून नाक मुरडलं, एक भाव बोलला आणि आठ बायकांनी एकमेकींकडे बघून मान हलवली. हिशेब केला तर मजुरीसुद्धा सुटली नव्हती. यंदा पाकिटं करून पावसाळ्यात आंबोलीच्या रस्त्यावर पर्यटकांना विकायची ठरवली, म्हणून हे प्रशिक्षण.

आता त्या गृहस्थांचं म्हणणं. ते एका अर्थानं खरं आहे. हे शिक्षण बारमधल्या बायकांकडे होतं, आणि आमच्या प्रशिक्षकापेक्षा जास्त होतं. मला हे कसं ठाऊक? कारण त्या दिवशी मागच्या रांगेत एक बाई बसली होती. पन्नाशीला टेकलेली, गाठोडं घेऊन गावोगाव कपडे विकते. २००५ पर्यंत ती पनवेलच्या बाजूला डान्स बारमध्ये नाचायची. मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. प्रशिक्षक "ग्राहकाची मानसिकता" म्हणाला तेव्हा ती फिस्सकन हसली. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, काय झालं?

"काय नाही हो आपा. ह्ये समदं मला पाट हाय. पयले पंधरा दिवस कोपऱ्यात हुबा ऱ्हायलो. कलेक्शन शून्य. मेकअप आपला, कपडे आपले, रिक्षा आपली, आनि घरी मनीऑर्डर कराय पायजे. सोळाव्या दिवशी आपोआप शिकलो."

काय शिकलात? तर जो नोटांचं बंडल टेबलावर आपटतो त्याच्याकडे जायचं नाही, तो दाखवायला आलाय. त्याच्या शेजारी गप्प बसलेला असतो त्याचं आवडतं गाणं कुठलं ते बघायचं आणि दुसऱ्या खेपेला तो यायच्या आधी ते लक्षात ठेवायचं. पैसे तोंडानं मागायचे नाहीत. दहा टेबलांनी तोंड फिरवलं तरी अकराव्या टेबलापर्यंत चेहरा तोच ठेवायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे "नाही" म्हणायचं, पण माणूस चिडणार नाही असं. बाहेर भेट म्हणणाऱ्याला रोज नवं कारण. खरं नाव कुणाला द्यायचं नाही. भाव विचारला की एकदा सांगायचा आणि मग गप्प बसायचं. "जो आधी बोलतो त्यो हारतो, आपा."

ही शेवटची गोष्ट आमच्या आठ बायकांना बेळगावच्या व्यापाऱ्यापुढे कळली असती तर!

बारचं काम चांगलं होतं असं मी म्हणत नाही. तिनंही म्हटलं नाही. पगार असा नव्हताच, जे मिळायचं ते टिपांतून, आणि त्यातला हिस्सा मालकाचा. दारू प्यालेल्या माणसांसमोर रोज उभं राहायचं, धाड पडली की तोंड लपवून गाडीत बसायचं ते मात्र फक्त बायकांनी. ज्यांना हे काम शरिअतमध्ये बसत नाही असं म्हणायचं आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. माझा वाद वेगळा आहे. त्या बाईजवळ जे होतं ते कसब होतं, मेहनतीनं कमावलेलं, आणि ते कसब आहे हे मानायला कुणीच तयार नाही. सरकार नाही, समाज नाही, आपण तर नाहीच.

सरकारचं बघा. २००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३-अ घालून बारमधला नाच बंद केला. लगेच पुढे ३३-ब घातलं, त्यात तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट. म्हणजे गरिबाच्या दारूसमोर नाचली तर संस्कृती बुडते, श्रीमंताच्या समोर नाचली तर नाही. उच्च न्यायालयानं १२ एप्रिल २००६ ला ते रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयानं १६ जुलै २०१३ ला त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि बंदीमुळे कित्येक बायकांना देहविक्रीकडे वळावं लागलं याचीही नोंद घेतली. मग २०१४ ला पुन्हा कायदा, २०१६ ला आणखी एक, आणि १७ जानेवारी २०१९ ला पुन्हा निकाल: नोटा उधळायच्या नाहीत, पण हातात टीप देता येईल. चौदा वर्षं कोर्टात भांडण चाललं ते बहुतेक अश्लील काय आणि सभ्य काय यावर. एसएनडीटी विद्यापीठाच्या संशोधिका आणि काही महिला संघटना ५० बारमधल्या ५०० बायकांना जाऊन भेटल्या, त्यांच्या घरचं, कमाईचं विचारलं. तेवढं तरी झालं. पण बंदीच्या वेळी पंचाहत्तर हजार बायका असा आकडा सगळीकडे बोलला जात होता, आणि त्यांना येतं काय, ते दुसरीकडे कुठं चालेल, हे गावी परत आलेल्या आमच्या या बाईला कुणी विचारलं नाही. तिनं स्वतःच कपड्यांचं गाठोडं उचललं.

आणि "हे आपल्यातलं नाही" हे वाक्य तर माझ्यासमोर कुणी बोलूच नये. पेशवाईच्या अखेरीस लावण्या रचणारा जेजुरीचा सगनभाऊ मुसलमान शिकलगार होता. संगीत बारीत फर्माईश करून पैसे देण्याला दौलतजादा म्हणतात, हा शब्द कुठून आला ते उर्दूच्या शिक्षिकेनं सांगायची गरज नाही.

पण त्या गृहस्थांना खरा राग नाचाचा नव्हता, नजरेचा होता. बाईनं परक्या पुरुषाच्या डोळ्याला डोळा दिला याचा. मग सूरह नूर काढू या. नजर खाली ठेवायचा हुकूम तिथं तिसाव्या आयतीत आहे आणि तो आधी पुरुषांना आहे. बायकांचा उल्लेख एकतिसाव्या आयतीत येतो. हा क्रम आपल्या बयानांत नेहमी उलटा ऐकू येतो. पनवेलला गाड्या भरून जाणाऱ्यांत आपले नव्हते का? तालुक्यातून मुंबईला गेलेले, ट्रक चालवणारे, गोव्याच्या लाईनवरचे, सगळे सोवळे होते? त्यांच्यापैकी एकाचंही नाव मोहल्ल्यात कुजबुजत घेतलं जात नाही. निकाहांत पहिल्या रांगेत बसतात.

शिवाय हसून, धीटपणे आपला भाव सांगणं बाईला शोभत नसेल, तर मेहरचं काय करायचं? तो तर तिचा हक्क, तिनं ठरवायचा. मी या भागात अजून ७८६ रुपये मेहर ऐकलाय. मुलगी बारावी झालेली, शिवण येतं, आणि मेहर एका ब्लाउजच्या शिलाईएवढा. तिला विचारलं तर मान खाली. ही मान खाली घालायला आपणच शिकवतो, मदरशात, शाळेत, माझ्या वर्गातसुद्धा. मग ती काजू विकताना अचानक वर येईल कशी?

माझीही गोष्ट सांगून टाकते, नाहीतर हे लिहिणं खोटं ठरेल. त्या दुपारी तिचं ऐकून झाल्यावर मी तिला हळूच म्हणाले होते, "उद्या नका येऊ, लोक बोलतील." ते गृहस्थ संध्याकाळी आले. म्हणजे त्यांच्या आधी मीच तिला काढलं होतं. ती काही बोलली नाही. गाठोडं उचललं, आणि गेली तेव्हा चेहरा तोच होता, अकराव्या टेबलापर्यंत ठेवायचा तो.

गेल्या शुक्रवारी मी तिच्या घरी गेले. माफी मागितली. मग विचारलं, आमच्या बायकांना दुपारी दोन तास शिकवाल का, माझ्या घरच्या पडवीत. तिनं विचारलं, "काय द्याल?" मी म्हटलं, तीनशे. तिनं पाचशे सांगितले आणि गप्प बसली.

येत्या गुरुवारी जोहरनंतर ती येणार आहे. पाचशे ठरलेत. बायका सहा तयार आहेत, दोघींच्या घरून अजून होकार नाही.