नाव घडवा, अर्थ नको!

गेली काही वर्षं गोव्यात बारशाला गेलं की ठरावीक चारपाच नावं कानांवर पडतात. त्यांतलं एक ‘कियारा’. नाव गोड आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या उत्तराबद्दल. अर्थ विचारला की लगेच सांगतात, ‘संस्कृत आहे!’ कोणी म्हणतो प्रकाश, कोणी म्हणतो देवाची देणगी. मंडळी, संस्कृतात असा शब्दच नाही. उच्चाराने जवळचं शोधायचंच तर हिंदीतली ‘क्यारी’ सापडेल, ‘केदारिके’वरून आलेली. म्हणजे आपला वाफा!

मग नाव आलं कुठून? इटालियन ‘किआरा’ म्हणजे तेजस्वी, निर्मळ. लॅटिन ‘क्लारा’चंच ते रूप. म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरातली क्लारा हिची सख्खी बहीण! आयरिश लोकांतही मिळतंजुळतं नाव आहे, पण अर्थ नेमका उलटा : काळी. १९९८ साली डिस्नेच्या ‘लायन किंग’च्या दुसऱ्या भागात सिंबाची लेक कियारा झाली. २०१० साली ‘अनजाना अनजानी’त प्रियांका चोप्राच्या पात्राचं नाव कियारा होतं. त्यावरूनच आलिया अडवाणीने आपलं नाव कियारा केलं. पुढचं काम पडद्याने केलं.

आईबापांना हे नाव का आवडतं ते मला समजतं. त्यातून जात कळत नाही, गाव कळत नाही. स्विंडनच्या शाळेतल्या बाईंनाही ते नीट उच्चारता येतं. शिवाय ते कोणाचं उष्टं नाही. पूर्वी नातीला आजीचं नाव ठेवायचे आणि सुनेने सासूचं नाव उच्चारायचं नाही, म्हणून पोर जन्मभर ‘बाय’च राहायची. त्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

आणि ‘नाटकसिनेमातली नावं कसली ठेवता?’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनीही जरा थांबावं. मंगेशीच्या दीनानाथांच्या थोरल्या मुलीचं पहिलं नाव हेमा. ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून ती लता झाली. ‘मंगेशकर’ हे आडनावसुद्धा दीनानाथांनी गावावरून घेतलेलं. त्याने कोणाचं काय बिघडलं?

तेव्हा नवं नाव घडवणं हा गुन्हा नव्हे. खोटा अर्थ चिकटवणं हा मात्र गुन्हा आहे. परकं नाव हवं, पण ते परकं म्हणायची लाज! म्हणून संस्कृतचा शिक्का मारायचा, आणि त्याच संस्कृतबद्दल इतकीही आस्था नाही की एकदा कोश उघडून बघावा. शेजारच्या सावंतवाडीकडच्या वामन शिवराम आपट्यांनी १८९० साली एवढा मोठा कोश करून ठेवला, तो काय कपाटाची शोभा म्हणून?

उद्या ती पोर मोठी होईल, शाळेत संस्कृत घेईल आणि आपलं नाव शोधू लागेल. तेव्हा तिला काय सांगणार? ‘आम्हांला ऐकायला गोड वाटलं म्हणून ठेवलं,’ एवढं खरं आजच सांगायला काय हरकत आहे? गोड वाटणं हे कारण काही कमी नाही.